कायदा आणि गुन्हेशास्त्र एकदम शिकावं का? बारावी झालेल्या एका मुलीच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न मला समजला तो असा. लातूर जिल्ह्यातून कला शाखेतून बारावी झालीस, लॉची सीईटी दिलीस, पाच वर्षांच्या बीए एलएलबीला प्रवेश मिळेल असं वाटतंय. त्याच वेळी गुन्हेशास्त्राची पदवीही करावी असं तुझ्या मनात आहे, कारण यूजीसीने दोन पदव्या एकदम करायला परवानगी दिल्याचं तू वाचलंस. वडिलांचं म्हणणं, "वकील व्हायचं तर वकीलच हो. दोन डगरींवर पाय ठेवू नकोस." दोन्ही एकदम करता येईल का आणि त्याचा खरंच उपयोग होतो का, असं तू विचारलंयस.

वयाने खूप लहान आहेस म्हणून तू म्हणते. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं फौजदारी वकिली करते आहे. आधी एलएलबी केलं, पाच वर्षं कोर्टात काढली आणि मग कामातून दोन वर्षं बाजूला होऊन गुन्हेशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. त्यामुळे पुढे जे सांगते ते या क्रमाने शिकलेल्या बाईचं मत आहे. उलट्या क्रमाने शिकलेले लोक कदाचित काही गोष्टी वेगळ्या सांगतील.

आधी नियम, कारण इथे चूक झाली तर पाच वर्षं पणाला लागतात. यूजीसीने 2022 मध्ये दोन शैक्षणिक अभ्यासक्रम एकाच वेळी करायला मोकळीक दिली, हे खरं आहे. पण वकिलीचं शिक्षण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या हाताखाली येतं, आणि तिथे नियम वेगळा आहे. कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांतला सहावा नियम सांगतो की कायद्याच्या पदवीला नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या नियमित पदवी, पदव्युत्तर किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव नोंदवता येत नाही. त्याच संस्थेची एकात्मिक पदवी सोडली तर सवलत दोनच बाबतींत आहे: भाषा किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे अर्धवेळ अभ्यासक्रम, आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचे अभ्यासक्रम. सप्टेंबर 2024 मध्ये कौन्सिलने परिपत्रक काढून महाविद्यालयांना बजावलं की विद्यार्थ्यांकडून याबद्दल लेखी घोषणा घ्या. म्हणजे सकाळी लॉ कॉलेज आणि दुपारी गुन्हेशास्त्राची नियमित पदवी, हा बेत सोडून दे. एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी "हल्ली चालतं" म्हणाला तरी ऐकू नकोस. सनद घ्यायला तू उभी राहशील तेव्हा तो तिथे नसेल.

तरीही दोन्ही विषय शिकायची वाट बंद होत नाही. ती कशी काढायची ते पुढे सांगते. त्याआधी एक गाठ सोडवायला हवी, कारण तुझ्या प्रश्नात तीन वेगळे विषय एकमेकांत मिसळले आहेत.

फौजदारी कायदा विचारतो: हे कृत्य गुन्हा आहे का, आणि ते या माणसाने केल्याचं सिद्ध झालं का? न्यायसहायक विज्ञान, ज्याला आपण सगळे फॉरेन्सिक म्हणतो, विचारतं: हे रक्त कुणाचं, ही सही कुणाची, ही गोळी कुठल्या बंदुकीतली? गुन्हेशास्त्राचा प्रश्न तिसराच आहे: माणसं गुन्हे का करतात, कुठले गुन्हे नोंदले जातात आणि कुठले दडपले जातात, शिक्षेने माणूस बदलतो का, बळी पडलेल्याचं पुढे काय होतं? तू लिहिलंस की तुला "घटनास्थळावरून गुन्हेगार ओळखायला" शिकायचंय. ते गुन्हेशास्त्रात फारसं नाही. ते काम तपास अधिकाऱ्याचं आणि प्रयोगशाळेचं. प्रयोगशाळेची वाट विज्ञान शाखेतून जाते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होणार आहे, त्यामुळे त्या क्षेत्रात माणसं लागतील हे खरं. पण बारावी कला शाखेतून ते दार जवळजवळ बंद आहे, हे आत्ताच स्वच्छ सांगितलेलं बरं. गुन्हेशास्त्राचं दार मात्र तुला पूर्ण उघडं आहे. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र आवडत असेल तर तू त्यासाठी योग्य जागीच उभी आहेस.

आता उपयोगाबद्दल. हा भाग मी लांबवणार आहे, कारण वडिलांच्या शंकेला खरं उत्तर इथेच आहे.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे मोटारसायकल चोरीची एक केस होती. मुलगा वीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा. पुरावा भक्कम होता, दोषी ठरला. न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षेबाबत काही सांगायचंय?" मी उभी राहिले आणि बार रूममध्ये ऐकलेली तीन वाक्यं म्हटली: गरीब आहे, घरचा कर्ता आहे, दया दाखवावी. दोन मिनिटांत संपलं. त्याला सहा महिने कैद झाली. मुलगा सुटून आला तो आधीपेक्षा वाईट संगतीत, आणि वर्षाच्या आत पुन्हा आत गेला.

मी काय करायला हवं होतं हे मला काही वर्षांनी कळलं. 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे, कोर्टात आम्ही त्याला प्रोबेशनचा कायदा म्हणतो. प्रोबेशन म्हणजे दोषी ठरलेल्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं. त्याचं सहावं कलम सांगतं की एकवीस वर्षांखालच्या माणसाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, सहसा तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर कारणं लिहायची, आणि आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. कलम मला परीक्षेपुरतं पाठ होतं. ते कलम मुळात कशासाठी आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गुन्हेशास्त्रात पहिल्याच सत्रात वय आणि गुन्ह्याचा आलेख समोर आला: गुन्हे करण्याचं प्रमाण किशोरवयात चढतं आणि विशीच्या मध्यानंतर उतरत जातं. बहुतेक मुलं नोकरी लागली, लग्न झालं, जबाबदारी आली की आपोआप त्यातून बाहेर पडतात, जर मधल्या काळात त्यांना तुरुंगात पक्क्या गुन्हेगारांच्या शेजारी बसवलं नाही तर. हे वाचल्यावर ते कलम माझ्यासाठी जिवंत झालं.

त्यानंतर अशी केस आली की मी आरोप निश्चित होतानाच तारखा मोजते. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रामजी मिस्सर खटल्यात सांगितलंय की या कलमासाठी गुन्ह्याच्या दिवसाचं नाही, तर कोर्ट दोषी ठरवून शिक्षा करतं त्या दिवसाचं वय धरायचं. म्हणजे खटला लांबला आणि मुलगा एकविशी ओलांडून गेला, तर कलम हातातून निसटलं. मग साक्षीदार लवकर तपासले जावेत म्हणून मीच मागे लागते. त्याच काळात शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयच्या प्रवेशाची पावती, गॅरेजमालकाचं "याला कामावर ठेवतो" असं पत्र, जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या मामाचं प्रतिज्ञापत्र गोळा करते. परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे कामाचा ढीग असतो, त्यांना घरचा पत्ता नीट समजावून सांगते. असं केल्यावर दरवेळी प्रोबेशन मिळतं असं नाही. पण आता सुनावणी दोन मिनिटांत संपत नाही.

यातली मुख्य गोष्ट लक्षात घे. मी कोर्टात कधीही "गुन्हेशास्त्र असं सांगतं" असं म्हणत नाही. जिल्हा न्यायाधीशांना सिद्धांत नको असतो, कागद हवा असतो. कुठला कागद शोधायचा हे मला सिद्धांतामुळे कळतं. कायदा आणि गुन्हेशास्त्र यांची जोड माझ्या कामात पडते ती नेमकी इथे.

मोठ्या खटल्यांतही हेच घडतं आहे. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी "विरळातल्या विरळ" प्रकरणातच द्यायची आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहायचं, असा दंडक आहे. पण गुन्हेगाराकडे पाहायचं म्हणजे काय, हे कितीतरी वर्षं वकिलाच्या मर्जीवर होतं. 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीचं बालपण, कुटुंब, शिक्षण, मानसिक अवस्था, तुरुंगातलं वर्तन ही माहिती खालच्या न्यायालयातच समोर यायला हवी. ही माहिती गोळा करणं हे तास-तास बसून आई, शिक्षक, शेजारी यांच्याशी बोलायचं काम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात तेव्हा असलेल्या प्रोजेक्ट 39ए या गटाने फाशीच्या कैद्यांच्या बाबतीत हे काम पुढे नेलं. फक्त कायदा शिकलेल्या वकिलाला मुलाखत घ्यायला कुणी शिकवलेलं नसतं. फक्त गुन्हेशास्त्र शिकलेल्याला ती माहिती पुराव्याच्या कायद्यात बसवता येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. आरोपीची कोठडी मागताना पोलीस कोर्टात देतात त्या रिमांड रिपोर्टमध्ये "आरोपी सराईत असून" हे शब्द तुला शंभर वेळा दिसतील. पारधी वस्तीतला मुलगा असेल तर आणखी लवकर दिसतील. याची मुळं 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला भाग पाडलं, कुंपणाच्या वसाहतींत कोंडलं. सोलापूरची वसाहत त्यातलीच. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, म्हणून आपण या लोकांना विमुक्त म्हणतो. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. माणसावर शिक्का मारला की समाज त्याला तसंच वागवतो आणि शेवटी तोही तसाच जगायला लागतो, हे गुन्हेशास्त्रातलं शिक्क्याचं सूत्र मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायका आठवल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांमधल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या, त्यात विमुक्त जमातींकडे पाहण्याच्या या सवयीवरही बोट ठेवलं.

कोर्टात याचं मी काय करते? पोलिसांच्या यादीत आधीचे अकरा गुन्हे दाखवले असतील, तर अकराही केसेसचा निकाल काढते. त्यातल्या सात निर्दोष सुटलेल्या, दोन तपासातच बंद झालेल्या, असं निघू शकतं. नोंद झालेला गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यातला फरक तक्त्यात मांडून जामिनाच्या अर्जाला जोडते. ही मोजायची सवय मला कायद्याने लावली नाही.

आकड्यांचंही तसंच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर एकच मोजला जातो. बलात्कार आणि खून एकाच घटनेत असतील तर बलात्काराच्या तक्त्यात ती घटना दिसणार नाही. एखाद्या जिल्ह्यात नोंदलेले गुन्हे वाढले, तर तिथे गुन्हे वाढले की बायकांना पोलीस ठाण्यात जायचं धैर्य आलं, हे आकड्यावरून कळत नाही. पण तुरुंगाचे आकडे बघ: 2022 च्या अहवालात देशभर 5,73,220 बंदी होते आणि त्यातले 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. दर चारांतले तीन. इथे आकडा स्वतःच बोलतो. अहवाल कसा वाचायचा हे शिकलेला वकील गटात वेगळा उठून दिसतो.

आता वाट. ती तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून एकच उत्तर देत नाही.

वकिली करायचीच, न्यायदंडाधिकारी व्हायचं मनात आहे, असं असेल तर आधी कायदा, पूर्ण लक्ष देऊन. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, त्यामुळे कोर्टात उभं राहणं टाळता येणार नाही. बीए एलएलबीत राज्यशास्त्राबरोबर समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र मिळत असेल तर तेच घे. पुढच्या वर्षांत बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक विषयांचा एक गटच गुन्हे आणि गुन्हेशास्त्राचा आहे: दंडशास्त्र आणि पीडितशास्त्र, बालगुन्हेगारी, तुरुंग प्रशासन, प्रोबेशन आणि पॅरोल, पांढरपेशी गुन्हे. त्यातले जितके मिळतील तितके घे. तहान भागली नाही तर चौथ्या वर्षापासून एखाद्या मुक्त विद्यापीठाचा, बारावीवर प्रवेश मिळणारा दूरस्थ अभ्यासक्रम जोड, तोही कॉलेजला लेखी कळवून. पहिल्या वर्षी नको. पहिलं वर्ष भाषेशीच झगडण्यात जातं. माझंही तसंच गेलं.

वकिली करायचीच आहे का हे अजून नक्की नसेल, माणसांत काम करण्याची ओढ जास्त असेल, तर मी वेगळी वाट सुचवेन: समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात बीए, मग मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचं एमए, तिथे गुन्हेशास्त्र आणि न्याय ही शाखा आहे. त्या संस्थेचा प्रयास हा प्रकल्प 1990 पासून तुरुंग आणि पोलीस कोठडीतल्या माणसांसोबत काम करतो. त्यानंतरही ओढ राहिली तर तीन वर्षांचं एलएलबी. वेळ जास्त लागतो, पण मधल्या प्रत्येक थांब्यावर तुझ्या हातात काहीतरी पूर्ण झालेलं असतं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात कायद्याचे एकात्मिक अभ्यासक्रमही आहेत, तिथे दोन्ही गोष्टी एका छपराखाली येतात; खर्च आणि घरापासूनचं अंतर पाहून ठरव.

इंग्लंडमध्ये "लॉ विथ क्रिमिनॉलॉजी" अशी एकत्र पदवी सर्रास मिळते. एजंट तुला तेही दाखवतील. पण ती पदवी घेऊन आलीस तर इथे थेट सनद मिळत नाही, बार कौन्सिलच्या वेगळ्या अटी आणि परीक्षा आहेत. कर्ज काढून ते करू नकोस.

वडिलांना पैशाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. नुसत्या गुन्हेशास्त्रावर आपल्याकडे नोकऱ्या थोड्या आहेत: परिवीक्षा अधिकारी, बालन्याय मंडळातले सामाजिक सदस्य, संस्थांचे प्रकल्प, अध्यापन, संशोधन. नुसत्या वकिलीतही पहिली दोन-तीन वर्षं कठीण जातात. ज्युनिअरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत अशी बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हातात त्यापेक्षा कमी पडतात. पण हल्ली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत. ज्यांना वकील परवडत नाही त्यांचे फौजदारी खटले तिथले मानधनावरचे वकील पूर्णवेळ चालवतात, सहायक म्हणून नव्या वकिलांनाही संधी असते. प्रोबेशन, न्यायाधीन बंद्यांचे जामीन, हे तिथलं रोजचं काम. दोन्ही विषय आलेल्या मुलीसाठी याहून चांगली सुरुवातीची जागा मला दिसत नाही. वडिलांना हे नाव सांग.

प्रवेशाला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात चार-पाच दिवस सकाळी अकराला जाऊन मागच्या बाकावर बस. कोर्ट उघडं असतं, कुणी विचारलं तर विद्यार्थिनी आहे म्हण. रिमांडला आणलेल्या मुलांची वयं मनात नोंदव, त्यांच्यासोबत कोण आलंय ते बघ. जबाब, फिर्याद, पंचनामा सगळं मराठीत असतं, त्यामुळे इंग्रजी कच्चं असल्याची भीती तिथे वाटणार नाही. तिथे बसून तुला कंटाळा आला, की "याचं पुढे काय होणार" हा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात राहिला, त्यावरून वाट ठरवणं सोपं जाईल.

आणि ज्या कॉलेजचा अर्ज भरशील तिथल्या कार्यालयात नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचार: गुन्हेशास्त्राचा ऐच्छिक विषय माहितीपुस्तिकेत छापलाय तो खरंच शिकवतात का, कोण शिकवतं, आणि आत्तापर्यंत किती जणांना तुरुंगात किंवा बालन्याय मंडळात नेलं? पुरेशी मुलं नाहीत म्हणून तो विषय दरवर्षी उघडतच नाही असं कळलं, तर पुढच्या पसंतीचं कॉलेज वर घे.